ऊद घातला तो गुरुवार

त्या गुरुवारी मी घरात ऊद घातला. संध्याकाळपर्यंत टाकीतले मासे मेले. मुलगी क्लासहून आली तेव्हा तिच्या वडिलांनी तिला सांगितलं की चूक त्यांची झाली. मी ते ऐकलं आणि गप्प बसले.

हे मी त्यांच्या वर्षश्राद्धानंतर लिहायला घेतलं आहे. दिवसाला चार-पाच ओळींपेक्षा जास्त होत नाही. वाचणं मला कायम सोपं गेलं. लिहिताना मात्र प्रत्येक ओळ खरी आहे ना हे बघावं लागतं, आणि या एका गोष्टीत मी फार वर्षं खरं बोलले नाही.

मी नांदेडची. तिथल्या एका शाळेच्या ग्रंथालयात बारा वर्षं होते. जुन्या पुस्तकांच्या धुळीने माझं नाक कायमचं गेलं. दूध करपलं तरी मला ते धूर दिसल्यावर कळतं. मोगऱ्याचा गजरा केसांत माळत असे तो इतरांसाठी. लग्न चौतिसाव्या वर्षी झालं. ते लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. विधुर होते, दहा वर्षांची मुलगी होती. पहिली पत्नी औशाकडच्या त्यांच्या गावी भूकंपात गेली होती. बघायला आले तेव्हा हे सगळं त्यांनी समोर बसून, चहा न पिता सांगितलं. टाकीचं काही सांगितलं नाही.

टाकी बाहेरच्या खोलीत, दारासमोरच होती. तीन फूट लांब, वर सुताराकडून करून घेतलेलं लाकडी झाकण. तळाला वाळू आणि गावाकडून आणलेले दोन काळे दगड. बाजूच्या बुटक्या स्टुलावर हवेची मोटर घरघरत असे आणि तिची नळी पाण्यात बुडबुडे सोडत असे. मासे म्हणाल तर साधे गप्पी. मलेरियाखात्याचे लोक डास होऊ नयेत म्हणून हौदात सोडतात तेच. दुकानातल्या रंगीत माशांसमोर कुणी त्यांच्याकडे पाहणार नाही. पहिल्या आठवड्यात मी सहज म्हटलं की नांदेडला एका दुकानात सोनेरी मासे छान मिळतात, येताना आणते. मुलगी वडिलांकडे पाहत राहिली आणि ते म्हणाले, "नको. हेच बरे हायेत."

सकाळी त्यांची साडेपाचची बॅच असे. आमची गल्ली तोवर जागी झालेली असे. खोल्या भाड्याने देणं आहे, मुलींची मेस, गणिताचे सर, अशा पाट्यांखालून परगावची मुलं सायकली काढत. भोकर, देवणी, कुठून कुठून आलेली. ते निघण्याआधी मुलीला उठवत. ती डोळे चोळत टाकीपाशी येई. ते झाकणाची फळी उचलत, दोघं वाकत, आणि वास घेत. मग एक जण एक शब्द बोले.

"रान," असं म्हटलं की पाणी चांगलं. नुकतंच पाणी दिलेल्या वाफ्यासारखा वास चांगल्या टाकीला असतो म्हणे. "अंडं" म्हणजे वाळू दाबली गेली आहे, तळाशी हवा पोचत नाही. मग रविवारी सायकलची जुनी तार घेऊन दोघं वाळू टोचत बसत, थोडी थोडी, एकदम सगळी नाही. "बोळ" म्हणजे ओलसर बोळातल्यासारखा वास, काचेवर निळसर हिरवा बुळबुळीत थर धरतोय, दिवा कमी वेळ लावायचा. "नळ" म्हणजे पाण्यात औषध उरलं आहे. आणि एक वास होता ज्याला त्यांनी शब्द ठेवला नव्हता. तो आला की मुलगी मागे सरके आणि त्या दिवशी डबा तसाच परत आणी.

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाची कपबशी घेऊन उभी असे. रोज. लग्न होऊन मी या घरात आले होते, त्यांच्या ताटात वाढत होते, तिच्या वेण्या घालत होते, पण त्या झाकणाखाली दोनच डोकी मावत. मीही एकदा वाकले. मला काहीच आलं नाही. काच गार लागली एवढंच.

त्या वासाबद्दल त्यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितलं, तेही विचारल्यावर. भूकंपाच्या वेळी पत्नी गणपतीसाठी गावी गेली होती. मुलीला ताप होता म्हणून तिला त्यांनी लातूरच्या खोलीवर स्वतःजवळ ठेवलं होतं. सकाळी मुलीला कुणाकडे ठेवावं कळेना, म्हणून तिला खांद्यावर घेऊनच गावी गेले. पत्नीला शोधायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस मुलगी गावाबाहेरच्या रानात, एका झाडाखाली बसून होती. वारा गावाकडून येई. पुढे आजोबांसोबत ती पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर राहिली. शेडांच्या पाण्याच्या टाकीत खात्याच्या माणसाने गप्पी सोडले होते. आजोबाही गेले, तिला लातूरला आणायचं ठरलं, तेव्हा तिने लोणच्याच्या बरणीत सहा मासे भरून घेतले. गावाकडून ती तेवढंच घेऊन आली. टाकीतले सगळे त्या सहांचे.

"तिला वास आला की ती जेवत न्हाई," ते म्हणाले. "म्हणून मी रोज आधी बघतो."

मला तिची कणव यायला हवी होती. आलीही. पण तिच्याआधी दुसरंच काही आलं, आणि ते मी आज लपवणार नाही. मला वाटलं, हे पाच दिवस या दोघांचे आहेत. यात मला कधीच शिरता येणार नाही. मेलेल्या बाईचा हेवा मला फारसा वाटला नाही, तिचा फोटो मीच पुसत असे. मला हेवा वाटला तो त्या झाडाखालच्या पाच दिवसांचा. मी तेव्हा नांदेडला ग्रंथालयात बसून वर्तमानपत्रांच्या फायली लावत होते. भूकंपाच्या सगळ्या बातम्या मी तारखेवार बांधून ठेवल्या होत्या.

मग मी पुस्तकांकडे गेले. मत्स्यपालनावर जे मिळेल ते वाचलं. वाळूत आणि स्पंजात सूक्ष्म जीव असतात, ते माशांची घाण पचवतात, म्हणून स्पंज नळाच्या पाण्याने धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हे मी त्यांना जेवताना समजावून सांगितलं. खाणं जास्त झालं की ते कुजतं आणि पाण्याला तिखट वास येतो, हेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ते जीवशास्त्राचेच शिक्षक होते, त्यांना यातलं सगळं माहीत होतं, पण मध्ये बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं झाकणाखाली वाकले आणि मुलगी म्हणाली, "रान."

लातूरला पाण्याची ओढ कायमची. नळ आठ-दहा दिवसांनी येई, मध्ये टँकर. त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असे म्हणून माशांसाठी एक लाल बादली अंगणात दिवसभर उघडी ठेवलेली असे. तिला हात लावायचा नाही, असा नियम कुणी मला सांगितला नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात मी त्यातलं तांब्याभर पाणी पाय धुवायला घेतलं. मुलीने बादलीत बोट बुडवून पाणी कुठवर उतरलं ते पाहिलं आणि अभ्यासाला गेली. ती मला मावशी म्हणायची. चांगलं बोलायची, कधी उलट उत्तर नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ती बारावीला होती त्या वर्षीच्या मार्गशीर्षात टाकीला वास सुटला. तो बिननावाचा वास. दगडाखाली एक गोगलगाय मेली असावी, असं त्यांचं म्हणणं. लगेच सगळं ढवळलं तर घाण वर येईल आणि मासे दगावतील, म्हणून रोज तांब्या-दोन तांबे पाणी बदलायचं आणि रविवारी दगड उचलायचा, असं दोघांनी ठरवलं. यावेळी मुलगी जेवणावरून उठली नाही. मोठी झाली होती. नाकाला ओढणी लावून जेवायची.

त्याच आठवड्यात गुरुवारी माझी आई आणि वहिनी उदगीरला लग्नाला जाताना वाटेत आमच्याकडे उतरणार होत्या. तीन वर्षांनी येत होत्या. बिजवराकडे दिलेल्या मुलीचं घर कसं आहे हे बघायला आई येते, हे मला कळत होतं. मी म्हटलं, रविवारचं काम बुधवारी करून टाका. ते म्हणाले, तसं चालत नाही. मी म्हटलं, मग टाकी दोन दिवस मागच्या खोलीत ठेवू. मुलीने समजावलं, "मावशी, भरलेली टाकी हलवली तर काच तडकती. थोडे दिवस वास सोसावाच लागतो." आणि मग वडिलांकडे बघून म्हणाली, "तसाही मावशीला कुठं येतो वास."

ते हसले. तीही हसली. वाईट मनाने नाही. घरातल्या माणसाची जशी थट्टा करतात तशी. मी पण हसले. आणि ते हसणं दोन दिवस मनात घेऊन फिरले.

माझ्या माहेरी दर गुरुवारी ऊद घालतात. आई चुलीतले निखारे धुपाटण्यात घेऊन घरभर फिरते, कपड्यांच्या कपाटात धूर सोडते, लहान मूल असेल तर त्याला वरून ओवाळते. ऊद हा एकच वास माझ्या नाकापर्यंत पोचतो. आमच्या घरामागे एक चाचा राहत. गंजगोलाईच्या बाजारात त्यांचं अत्तराचं लहानसं दुकान होतं, आणि नांदेडची बाई म्हणून माझ्यासाठी ते चांगला ऊद बाजूला काढून ठेवत. लग्नानंतर मी ऊद क्वचितच, तोही अंगणात, घातला होता. धुराने मासे दचकतात, असं मुलगी एकदा म्हणाली होती म्हणून.

गुरुवारी दुपारी घरात मी एकटी होते. खिडक्या लावून घेतल्या. निखारे फुलवले. खोलीत धुपाटणं ठेवायला सोयीची जागा एकच होती, मोटरीचं बुटकं स्टूल. मोटरीला चिकटून मी ते ठेवलं आणि ऊद टाकला. मुठीने टाकला. धूर दाट झाला आणि मला वास आला. सात वर्षांत पहिल्यांदा त्या घरात असा वास होता जो मला येत होता. मी खुर्चीत पुस्तक उघडून बसले, पण वाचलं नाही. नुसती श्वास घेत बसले.

मोटर खोलीतली हवा ओढते आणि पाण्यात सोडते. इतकं साधं आहे. मी पुस्तकात वाचलेलं होतं, चित्रासकट. तो धूर तासभर थेंबाथेंबाने टाकीत जात होता, आणि मला त्याचा विचारही शिवला नाही. तीनच्या सुमारास मासे वर आले आणि पाण्याला तोंडं लावून उघडझाप करू लागले. मला वाटलं, भुकेले आहेत. मी चिमूटभर खाणं टाकलं. ते तसंच तरंगत राहिलं.

चारला आई आली. दारातच थांबून म्हणाली, "देवळात आल्यासारखं वाटतंय गं." त्या वाक्याने मी किती फुलले होते ते मला आजही आठवतं. दीड तास त्या बसल्या, टाकीकडे पाठ करून. आईला काहीच खटकलं नाही. साडेपाचच्या गाडीने त्या गेल्या.

ते आले तेव्हा बरेचसे मासे आडवे झाले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, झाकण उघडलं, वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग मोटर उचलून तिची बाजू नाकाशी नेली. मग धुपाटण्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. खिडक्या उघडल्या, पंखा लावला, लाल बादलीतलं तांब्याभर पाणी टाकीत ओतून पाहिलं, पण उशीर झाला होता. धुपाटण्यातली राख त्यांनी कढीपत्त्याच्या झाडाखाली रिकामी केली, धुपाटणं घासलं आणि फळीवर जिथलं तिथे ठेवलं. हे सगळं त्यांनी फार सावकाश केलं. मी दारात उभी होते. रोज सकाळी उभी राहते त्याच जागी.

मुलगी सातला आली. ते तिला दारातच म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली, बाळा. टँकरचं पाणी तसंच ओतलं मी टाकीत."

ती अंगणाकडे वळून म्हणाली, "लाल बादली तर भरलेली हाय की."

"त्यातलं न्हाई. पाइपानं ओतलं. घाईत होतो."

"तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

मग तिने चहाची गाळणी घेतली आणि एक एक मासा उचलून वाटीत ठेवला. कढीपत्त्याखाली खड्डा करून पुरले. राखेवर तिचा हात थांबला की नाही, हे मी आजवर हजारदा आठवून पाहिलं आहे. मला आठवत नाही. मला फक्त माझं आठवतं. मनाचा एक कोपरा मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवायला ते गेले नाहीत. ती तिची उठली. रिकाम्या टाकीसमोरून दोघं वेगवेगळ्या वेळी गेले.

त्यानंतरचे चार महिने ती वडिलांशी लागेल तेवढंच बोलली. अभ्यासाला माझ्या खोलीत येऊन बसू लागली. मी तिला भाषेच्या पेपरचे निबंध तपासून देई, ती माझ्या गादीवर उताणी पडून मला व्याख्या म्हणून दाखवी. एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. ही पुढची ओळ लिहायला मला तीन दिवस लागले: ते चार महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे होते. पलीकडच्या खोलीत ते उत्तरपत्रिका तपासत एकटे बसलेले असत आणि मला त्याचं जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटत नव्हतं.

मी दोनदा तोंड उघडलं. एकदा त्यांच्याजवळ म्हटलं, तिला खरं सांगते. ते म्हणाले, "परीक्षा होऊ दे तिची." निकाल लागला, तिला नांदेडला वैद्यकीयला प्रवेश मिळाला, गल्लीत पेढे वाटले गेले, तेव्हा पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "आता राहू दे." मी लगेच राहू दिलं.

ती गेल्यावर एक दिवस चाचांनी मला रस्त्यात थांबवलं. "बाई, इत्ते महिने गेले, तुम्ही ऊद न्यायला आल्या न्हाईत. माझ्या मालात काही खोट हाय का?" त्यांना दुसरं काही सांगता आलं असतं. पण कुणाला तरी सांगायचं साचलेलं होतं, ते त्या परक्या म्हाताऱ्यासमोर बाहेर आलं. त्यांनी सगळं ऐकलं. अत्तरवाल्याला वासाचं नवल नसतं. ते म्हणाले, "ऊद चांगला असो की बुरा, श्वासाच्या वाटेवर ठेवायचा न्हाई. माणसाच्या बी न्हाई, माशाच्या बी न्हाई." मग त्यांनी मला आपल्या अंगणात नेलं. मागे कधीतरी आमच्या घरून त्यांच्या हौदासाठी गप्पी गेले होते. एका दुष्काळी उन्हाळ्यात हौद आटला, सगळे मेले असंच आमच्या घरात समजत होते. चाचींनी त्यातले मूठभर रांजणात जगवले होते. काळ्या पाण्यात ते वळवळताना दिसले तेव्हा मी रांजणाची कड धरून उभी राहिले.

मी विचारलं, मला नाक नाही, पाणी बिघडलं तर मला कसं कळणार? चाचा म्हणाले, "नाक न्हाई तर डोळे हायेत की. पढ्यालिख्या हायेत तुम्ही."

लोणच्याच्या बरणीतच मी ते घरी आणले. मुलीच्या वडिलांनी बरणी उजेडात धरली, वास घेतला, आणि त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. टाकी त्या दिवशी पुन्हा भरली.

दर महिन्याच्या एका रविवारी ते मुलीला भेटायला नांदेडला जात. डबा मी करून देई. मी येऊ का, असं मी विचारत नसे आणि चल, असं ते म्हणत नसत. गाव माझं, गोदावरीचा घाट माझा, तिथल्या पायऱ्यांवर मी लहानपणी भिजले, आणि तिथे जाऊन बसणार ते दोघं. परत आल्यावर मी विचारी, काय बोललात? ते म्हणत, "काय न्हाई. बसलो थोडा वेळ घाटावर." त्या पहिल्या दिवाळीला ती सुट्टीवर आली, पिशवी खांद्यावरच ठेवून टाकीकडे गेली, झाकण उचललं. तेही आले. दोघं वाकले.

"रान," ती म्हणाली.

मी दारात होते. मला वाटलं, काळ गेला, राग गेला. माझ्या खोलीत ती त्या सुट्टीत फक्त कपडे घ्यायला आली.

पुढची वर्षं तशीच गेली. ती डॉक्टर झाली, नांदेडलाच राहिली. रेल्वेने लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यातही आमच्या अंगणात लाल बादली भरलेली असे. निवृत्त झाल्यावर ते एकटेच सकाळी झाकण उचलत आणि तिला फोनवर एक शब्द सांगत. आतून मला तो शब्द ऐकू येई.

ते माघात गेले. बसल्या जागी, उत्तर द्यायचं राहून गेल्यासारखे.

दहा दिवस माणसं येत राहिली. त्यांचे जुने विद्यार्थी खूप आले. माझ्याशी काय बोलावं हे कुणालाच कळत नसे. मग येणारा प्रत्येक जण टाकीपाशी थांबे, "सरांचे मासे" म्हणे आणि डबीतलं चिमूटभर खाणं टाके. मी कुणाला अडवलं नाही. बाराव्या दिवशी मुलगी बाहेरच्या खोलीत आली, तिथेच थबकली आणि ओढणी नाकाशी नेली. तो बिननावाचा वास. मी त्याच खोलीत चटईवर बसून होते आणि मला पत्ताही नव्हता.

तिने चुडीदाराच्या बाह्या वर केल्या. मी लाल बादली आणली. तिने नळीने तळाची घाण ओढून पाव भाग पाणी काढलं, मी ते कढीपत्त्याला घातलं. काढलेल्याच पाण्यात मी स्पंज पिळला. ती म्हणाली, "दोन दिवस खाणं बंद. परवा पुन्हा पाव पाणी." त्या चार महिन्यांनंतर आम्ही दोघी एवढ्या जवळ बसून कधी काही केलं नव्हतं. आणि मला वाटलं, आत्ता गप्प राहिले तर ही मला उरेल. सांगितलं तर कदाचित तीही जाईल. माझं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "ते मासे पप्पांनी मारले नव्हते. मी ऊद घातला होता. मोटरीजवळ."

ती नळी गुंडाळत होती. गुंडाळतच राहिली.

"मला माहीत हाय, मावशी."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवाळीच्या आधीपासून. पप्पांनी घाटावर सांगितलं. म्हणाले, तिला कळू देऊ नको. तिचं तिला सांगू दे." मग म्हणाली, "तुम्ही लई वेळ लावला."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. माझ्या अंगातून आधी उठला तो तोच जुना काटा. माझी चूक, माझी लाज, माझी एवढ्या वर्षांची धडधड, तीही त्या दोघांनी आपसात वाटून घेतली होती. मला क्षमा करतानाही ते दोघंच होते, माझ्याच गावच्या घाटावर. त्यांना जाऊन बारा दिवस झाले होते आणि मी त्यांचा हेवा करत होते. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. मी बोलूनही टाकलं. म्हटलं, "तुम्ही दोघं झाकणाखाली वाकायचात ना, मला ते बघवत नसे. रोज."

ती माझ्याकडे डॉक्टर रोग्याकडे बघते तसं बघत राहिली.

"त्यात काय होतं, मावशी," ती म्हणाली. "आम्ही भिऊन वाकायचो. रोज सकाळी. तो वास असंल का, म्हणून. नसला की पप्पा माझा हात सोडायचे."

हात. एवढी वर्षं दारातून पाहत होते. त्यांनी तिचा हात धरलेला असे, हे मला कधी दिसलं नव्हतं. टाकी मध्ये येत असे.

ती आणखी तीन दिवस राहिली आणि नांदेडला गेली. जाताना टाकी घेऊन जा, असं मी म्हटलं. ती नको म्हणाली. तिच्या घरात पाणी रोज येतं, पण सकाळी बघायला कुणी नाही.

आता मी झाकण उचलते. वास घेत नाही, तो येणारच नाही. बुडबुडे फुटतात तिथे फेस राहतो का, ते बघते. वाळूत काळे डाग आहेत का, काचेवर थर धरतोय का, मासे वर येऊन तोंडं उघडतात का, दगडाजवळ काही पांढरं दिसतं का, ते बघते. रविवारी तिचा फोन येतो. ती विचारते, मी दिसलं ते सांगते. माझी वाक्यं लांब असतात, ती ऐकून घेते. ऊद फळीवर पुडीत बांधलेला आहे. टाकीत चौदा मासे आहेत. लाल बादली भरलेली आहे. ती मला मावशी म्हणते.